लाल दोरीच्या पिशव्या

आमच्या हुबळी-धारवाडकडं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का? उत्तर कुणाला हवं असतं! 'आतरी' म्हणायचं आणि चालू लागायचं. विचारणारासुद्धा तोवर दोन पावलं पुढं गेलेला असतो. आमचे सर तेवढे थांबायचे. "झालं ना? मग काय जेवलात?" नुसतं 'भाकरी' म्हणून सुटका नव्हती. कशाची भाकरी? किती? कालवण कशाचं? ताजं की रात्रीचं उरलेलं? हे सगळं ते शर्टाच्या खिशातल्या चिटुकल्या डायरीत त्या माणसाचं नाव घालून लिहून घ्यायचे. बसचे कंडक्टर, युनिव्हर्सिटीतले शिपाई, पेढ्याच्या दुकानात रांगेत उभी असलेली गिऱ्हाइकं, कुणी सुटलं नाही. एकदा कुलगुरूंनी जाता जाता सौजन्य म्हणून 'ऊट आतेन्री' विचारलं, तर सरांनी त्यांनाच जिन्यात अडवून आदल्या रात्रीपासूनचं सगळं वदवून घेतलं.

लोक हसायचे. मीही पोट धरधरून हसले आहे. पण ज्या माणसानं अर्ध्या धारवाडचं जेवण लिहून ठेवलं, त्याला एकदा त्याच्याच घरातल्या माणसाबद्दल हा प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर देता आलं नाही. मी शेजारीच उभी होते. मलाही देता आलं नाही. म्हणून सरांचं नाव निघालं की बाकीचे अजून हसतात, मी हसत नाही.

सर प्राचीन इतिहास शिकवायचे, पण राजेलोकांचा त्यांना भारी कंटाळा. "राजानं काय जिंकलं ते दगडावर कोरलेलं असतं. त्या दिवशी त्याच्या गुराख्यानं काय खाल्लं ते मातीत असतं. दगडाला खोटं बोलायला शिकवता येतं, मातीला नाही," असं ते वर्गात म्हणायचे, आणि परीक्षेत यातलं काहीच येत नाही म्हणून पोरं मागच्या दारानं निघून जायची. तुंगभद्रेकडच्या एका खेड्याबाहेर राखेचं एक टेकाड होतं. चार हजार वर्षांपूर्वी गुरं पाळणारी माणसं तिथं राहिली, त्यांनी शेणाचे ढीग साठवून जाळले, त्याची ती राख. सर दर हिवाळ्यात तिथं खड्डा घ्यायचे आणि थराथराची माती कापडी पिशव्यांत भरून धारवाडला आणायचे. मणी, खापरं, दगडी कुऱ्हाडी डिपार्टमेंटात. माती माळमड्डीतल्या सरांच्या भाड्याच्या घरात. मातीसाठी डिपार्टमेंटात जागा नाही, असं त्यांना लेखी कळवलेलं होतं.

वरच्या थराच्या पिशवीला पांढरी दोरी, मधल्याला निळी. सगळ्यांत खाली एक चूल सापडली होती, भाजून तांबूस झालेल्या मातीची. तिच्या पिशव्यांना लाल दोरी. "इथं स्वयंपाक झालाय, बघ. ही जेवणाची माती," असं सर येईल त्याला दाखवायचे. लाल दोरीला हात लावायचा तर त्यांना विचारून.

काम दिसायला पोरखेळाचं. बादलीत पाणी घ्यायचं, माती सोडायची, हातानं ढवळायचं. माती खाली बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते मलमलीवर ओतून घ्यायचे, सावलीत वाळवायचे आणि भिंगाखाली ओळखायचे. हे कुळीथ, हे मूग, हा राळा. जळलेलं धान्य कुजत नाही, किडत नाही, हजारो वर्षं तसंच राहतं. सरांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं, "जळलेला दाणा बोलतो, जळलेलं हाड मुकं होतं." म्हणजे न जळलेल्या हाडातून, दातातून त्या माणसानं जन्मभर काय खाल्लं ते काढता येतं, चितेवर गेलं की त्यातलं सगळं निघून जातं. तेव्हा मी हे वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली.

माझी या कामावर नेमणूक झाली ती माझ्या हुशारीमुळं नाही, आमच्या दुकानामुळं. आमचं हुबळीच्या बाजारात भुसारी मालाचं दुकान. घराणं मूळचं मिरजेकडचं, आजोबांच्या वेळेला इकडं आलेलं. डोळे मिटून मुठीत दाणे घेतले तर मी अजून सांगेन, मूग कुठला आणि मटकी कुठली. सरांनी पहिल्या दिवशी माझी तशी परीक्षाच घेतली, सात वाट्या ठेवून. मी सातही ओळखल्या, वर तिसऱ्या वाटीतल्या मालात भेसळ आहे हेही सांगितलं. सर इतके खूश झाले की स्वतः उठून त्यांनी मला पाणी आणून दिलं. घरी अप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "चार हजार वर्षांपूर्वीचे कुळीथ? हात्तिच्या! आपल्या गोदामात मागच्या कोपऱ्यात बघ, तेवढा जुना माल निघंल." मी एम.ए. झालेली, लग्नाची घाई कुणाला नव्हती. रोज हुबळीहून बसनं धारवाडला जायला लागले.

आता अक्काविषयी सांगायला पाहिजे. सरांची बायको. शेजारीपाजारी, विद्यार्थी, दूधवाला, सगळेच तिला अक्का म्हणायचे. तिचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसं कधी वाटलंही नाही. कलघटगीची, भाताच्या मुलखातली. गोरी म्हणायचे लोक तिला. ती गोरी नव्हती, तिच्या अंगात रक्त नव्हतं. पण हे शहाणपण मला नंतर सुचलेलं. मूलबाळ नाही. हळू चालायची, दोन पायऱ्या चढली की दाराच्या चौकटीला हात लावून थांबायची आणि हसून म्हणायची, "वय झालं गं आता." वय काय, पंचेचाळीस!

तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कधी आठवा दिवसही टळायचा. अक्का घरातली पिंपं, घागरी, पातेली, पेलेसुद्धा भरून ठेवायची आणि सर त्यातल्या चार बादल्या मातीत घालायचे. एक शब्द बोलायची नाही. गढूळ पाणी निवळू द्यायची, मग त्यानंच ओटा घासायची.

सरांनी त्या घरात एक 'प्रयोग' लावला होता. टेकाडात जे सापडलं तेच खायचं. मिरची बंद, कारण ती पोर्तुगीजांनी आणली. बटाटा बंद, टोमॅटो बंद, शेंगदाणा बंद, सगळे जहाजातून आलेले. इथवर मी ऐकून घेतलं. पण ज्वारी बंद! धारवाडात राहून ज्वारी बंद! का, तर ती आफ्रिकेची, नंतर आली. भातही नाही, कारण टेकाडात भात नव्हता. मग काय? कुळीथ, मूग, राळा. "एकच वर्ष," असं म्हणाले होते म्हणे. मी गेले तेव्हा तिसरं चाललेलं. एकदा आम्ही चौघं विद्यार्थी चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला बसलो होतो, तर सर पुढ्यात येऊन उभे. "मिरची परदेशी. टोमॅटो परदेशी. शेंगदाणा परदेशी." एकेक बोट मिटत चालले. मी वर पेरलेल्या डाळ्यांकडं बोट दाखवून म्हटलं, "पुटाणी तरी आपली ना, सर?" तर म्हणाले, "उत्तरेकडून आलेली." आम्ही हातातला घास खाली ठेवला. गिरमिटवाला तर त्यांना हात जोडायच्या बेतात होता.

दळणसुद्धा गिरणीतलं चालायचं नाही. टेकाडात सापडला तसा, मधे झिजलेला एक दगड त्यांनी पाथरवटाकडून घडवून घेतला होता. त्यावर गुडघे टेकून, हातातल्या गोट्यानं रेटून रेटून राळा दळायचा. दळायचं कुणी? अक्कानं. सर शेजारी घड्याळ घेऊन उभे. दोघांच्या दोन वेळच्या भाकऱ्यांचं पीठ व्हायला अडीच तास लागले, हे त्यांनी किती आनंदानं लिहून घेतलं! "चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा दिवस कसा जात असेल याचा अंदाज येतो," असं मला म्हणाले. अक्का मनगट चोळत होती. मलासुद्धा तेव्हा ते संशोधनच वाटलं, देवाशप्पथ.

आणि अशा मोजून मापून झालेल्या पिठाच्या भाकऱ्यांत मी रोज दुपारी जेवायला असायचे. बसच्या वेळेमुळं घरून डबा होत नाही म्हणून मीच पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, तर अक्का म्हणाली, "डबा कशाला? इथं दोन घास खा की." सर आणि मी पाटावर, अक्का वाढायला. "तुम्ही बसा ना," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मी मागाहून बसते." नाहीतर, "आज उपास आहे गं माझा." सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधे एकादशी, मधे संकष्टी. आठवड्यात जेवायचे वार उरले किती, ते मी कधी मोजलं नाही. उपासाला खाणार काय? साबुदाणा परदेशी, बटाटा परदेशी, शेंगदाणा परदेशी. तेही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या ताटात दुसरी भाकरी पडायची आणि मी ती खायची. कुळथाची आमटी तिच्या हातची अशी व्हायची की मिरची नाही हे विसरायला व्हायचं.

एकदाच तिनं माझ्याकडं काही मागितलं. सर अंगणात होते. ती दाराआड येऊन हळूच म्हणाली, "येताना घरचा रंजका आणशील का जरासा? एवढीशी वाटी." रंजका म्हणजे आमच्याकडची ओल्या लाल मिरचीची चटणी. आमच्या घरी बरणीच्या बरणी भरलेल्या. मी "हो की!" म्हटलं आणि विसरले. दुसऱ्या दिवशीही विसरले. तिनं पुन्हा विचारलं नाही, मग मी पूर्णच विसरले. आता दर वर्षी मिरचीच्या दिवसांत घरात रंजका होतो आणि मला तो घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमाराला ती वजनाची भानगड झाली. पिशवी आली की तिचं वजन करायचं, पुढं दर महिन्याला करायचं, पाण्यात सोडायच्या आधी शेवटचं करायचं, आणि सगळं एका रजिस्टरात लिहायचं, असा सरांचा नियम. किती किलो मातीत किती दाणे, यावर सगळा हिशोब बसायचा. वजनं मी करायची आणि खाली माझी सही. लाल दोरीच्या पिशव्या त्यांनी शेवटी ठेवल्या होत्या, जपून. त्यांच्यावर त्यांचं पुस्तक उभं राहणार होतं. वीस वर्षांचं काम. दसऱ्यानंतर त्या उघडायच्या म्हणून त्यांनी रजिस्टर चाळलं, तर प्रत्येक महिन्याला लाल पिशव्यांत घट. पन्नास ग्रॅम, दीडशे, कधी चारशेच्या वर.

मी म्हटलं, "माल वाळला की घट येतेच, सर. आमच्या दुकानात..."

"मातीतलं पाणी पहिल्या पंधरा दिवसांत जातं. इथं महिनोन् महिने घट आहे. आणि पांढऱ्या दोरीला नाही, निळ्या दोरीला नाही. फक्त लाल. का?"

मला काय माहीत! मी म्हटलं, काटा परत तपासू. तपासला. काटा चोख होता. मग सर रजिस्टर मिटून माझ्याकडं न बघता म्हणाले, "भुसाऱ्याची मुलगी ना तू. काटा मारायची सवय रक्तातच असणार."

माझ्या अप्पांनी उभ्या आयुष्यात काटा मारला नाही. खेड्यातली माणसं दुसऱ्याच्या दुकानातला माल आमच्याकडं परत तोलून घ्यायला यायची. डोक्यात नुसती आग झाली. मी म्हटलं, "सर, माती मारून मी काय तिचे लाडू वळणार आहे?" आणि चप्पल घातली. मागं वळून बघितलं तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी. पांढरीफटक. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, मग तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मला वाटलं, माझ्यासाठी रडते आहे. जरा बरंही वाटलं.

मी परत गेले नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत तात्पुरतं शिकवायला लागले. सरांचा निरोप नाही, माझा फोन नाही. पाचेक महिने गेले. मग एक दिवस सकाळी दुकानात फोन आला, सरांच्या पुतण्याचा. अक्काला हुबळीच्या दवाखान्यात आणलंय, ती तुमची आठवण काढतेय.

मी गेले. अक्का खाटेवर, एका हाताला रक्ताची बाटली लावलेली. चादर पांढरी की ती पांढरी, सांगता येईना. सर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, एवढंच. डॉक्टर अगदी तरुण होता, गदगकडचा असावा. कागदावर लिहिता लिहिता त्यानं कानडीत विचारलं, "यांचं जेवण काय असतं?"

सर लगेच सुरू झाले. "कुळीथ, मूग, राळा. कुळथात लोह चांगलं असतं..."

"ते घरात काय शिजतं ते झालं. यांच्या पोटात काय जातं? काल काय जेवल्या? परवा?"

सरांचा हात खिशातल्या डायरीकडं गेला. सवयीनं गेला. मग तिथंच थांबला. डायरीत कंडक्टर होते, शिपाई होते, कुलगुरू होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन वर्षं त्या घरात जेवले होते. मी खाली फरशीकडं बघितलं.

डॉक्टरला असल्या नवऱ्यांची सवय असावी. त्यानं पुढचा प्रश्न विचारला, "माती, खडू, कोळसा, असलं काही खातात का? रक्त एवढं कमी झालं की बायकांना तशी इच्छा होते."

"छे! आमच्या घरात असलं काही..." सर म्हणाले.

"खात होते," अक्का म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "चुलीची माती. तुमच्या पिशवीतली. तुम्हीच म्हणायचा ना, ही जेवणाची माती म्हणून. जरा ओली केली की काय वास यायचा हो! राहवायचं नाही." मग चाचपडत तिनं माझं बोट धरलं. "तुझ्यावर नाव आलं गं. मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंडात माती होती."

मला रडू फुटलं. आणि सर काय म्हणाले असतील? सर पुढं वाकून म्हणाले, "कुठल्या थरातली?"

मनात आलं, या माणसाच्या थोबाडीत द्यावी. माझे सर, वयानं वडलांएवढे, पण खरंच आलं. अक्काला मात्र राग आला नाही. ती म्हणाली, "लाल दोरीची. बाकीच्या पिशव्यांना मी हात लावला नाही." जसं काही तिनं नियम पाळला होता. एका क्षणानं सरांना कळलं आपण काय विचारलं ते. ते मट्कन खाली बसले, खाटेच्या पायाशी, दवाखान्याच्या फरशीवर, आणि तसेच बसून राहिले. डॉक्टर त्यांना ओलांडून गेला.

रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. पण हृदयच थकून गेलं होतं, फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाला. चौथ्या दिवशी दुपारी अक्का गेली.

अस्थी गोळा करायला सर आणि पुतण्या गेले होते. पुतण्यानं मला नंतर सांगितलं ते असं. सरांनी राखेत हात घातला तो अगदी खड्ड्यात घालतात तसा, सावकाश, बोटांनी चाळत. एक दात मिळाला. तळहातावर घेऊन खूप वेळ बघत राहिले. भटजी घाई करत होते. मग पुतण्याला म्हणाले, "हा काही सांगणार नाही रे आता," आणि मडक्यात टाकला. पुतण्याला काही कळलं नाही. मला कळलं. माझ्या वहीत त्याखाली रेघ मारलेली होती.

यानंतर सरांनी कुणाला 'काय जेवलात' विचारलं नाही. प्रयोग संपला. खाणावळीचा डबा यायला लागला, त्यात बटाटा असो, मिरची असो, येईल ते खायचे. पुस्तक झालं नाही. लाल दोरीच्या पिशव्या त्यांनी कधीच पाण्यात सोडल्या नाहीत. त्या चुलीवर चार हजार वर्षांपूर्वी काय शिजलं ते आजही कुणाला माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना नवीन वेड लागलं, असं लोक सांगायचे. मी तोवर विद्यानगरच्या एका कॉलेजात लागले होते. ऐकून बघायला गेले. परसात, जिथं अक्का चुलीची राख आणि खरकटं पाणी टाकायची, तिथं सरांनी दोऱ्या बांधून चौकोन आखला होता आणि वीत-वीत खोदत माती बादलीत सोडत होते. पाणी अजून आठवड्यानंच येत होतं. मलमलीवर वाळत घातलेले दाणे मी बघितले. कुळीथ, मूग, राळा. कुळीथ, मूग, राळा.

"काय निघालं, सर?" मी विचारलं.

"घर काय जेवलं ते निघालं," ते म्हणाले. "जन्मभर मी हेच केलं. इथं माणसं अमुक खात होती, तमुक खात होती. माणसं! कोण खात होतं? त्या घरात कोण मागाहून बसत होतं? ते उकिरडा सांगत नाही. मी कधी विचारलंच नाही त्याला." त्यांच्या नखांत माती होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मला त्या माणसाचा राग होता, खूप होता, तो तिथं त्या दोऱ्यांच्या चौकोनापाशी माझ्या हातून सुटला. परत पूर्वीसारखा काही आला नाही.

शेवटची भेट त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यांचाच फोन आला, "जरा वाचायला ये. मला दिसत नाही." रविवारी सकाळी गेले. जाताना न विसरता रंजक्याची बाटली नेली, कशासाठी ते मलाच ठाऊक नाही. सर खुर्चीत बसले होते, मांडीवर ते जुनं रजिस्टर. "लाल दोरीचं पान काढ. घट वाच. महिन्यावार."

मी वाचत गेले. माझंच अक्षर, माझीच सही. चैत्र-वैशाखात थोडी. ज्येष्ठात दीडशे. आषाढात एकशे ऐंशी. सर तोंडानं बेरीज करत होते.

"श्रावण?"

"चारशे दहा."

ते थांबले. "श्रावणात तिचे उपास असायचे."

"हो, सर."

"पुढं वाच."

दोन वर्षांची बेरीज दोन किलो सातशे चाळीस ग्रॅम झाली. सरांनी मला ती परत करायला लावली. तेवढीच आली. मग म्हणाले, "तुझी वजनं बरोबर होती." या वाक्याची मी किती वर्षं वाट बघितली होती. हुबळी-धारवाड बसमध्ये, वर्गात, भांडी घासताना, सरांच्या तोंडून ते कसं ऐकीन याच्या किती तऱ्हा मी ठरवल्या होत्या. ऐकलं तेव्हा त्याचं काय करायचं ते कळेना.

त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरी डायरी काढली, तसलीच चिटुकली. पहिल्या पानावर डोळ्यांजवळ धरून, चाचपडत एक नाव लिहिलं. अक्काचं नाव. मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं. नावाखाली लिहिलं, 'चुलीची माती, २ किलो ७४० ग्रॅम.'

"एवढं नक्की आहे," ते म्हणाले. मग डायरी आणि पेन माझ्यापुढं धरलं. "तू दोन वर्षं इथं जेवलीस. तुला जे आठवतंय ते तू लिही."

मी पेन घेतलं. मला आमटी आठवली, तिची चव आठवली. गरम भाकरी ताटात पडायची तो आवाज, वाढणारा तिचा हात, हातातली काचेची हिरवी बांगडी, सगळं आठवलं. तिचं ताट काही केल्या आठवेना. सर माझ्याकडं तोंड करून वाट बघत होते. मी पेन त्यांच्या हातात परत दिलं.